साडेतीन सेकंद

आधी रस्त्याच्या कडेला व्हा. मागून कापसाच्या गाड्या येताहेत आणि बैल तुमच्यासाठी थांबणार नाहीत. गाव तुमचंच आहे, परतवाडा, फक्त साल 1903 आहे आणि महिना डिसेंबर. बसस्टँड शोधू नका. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी छोटी रेल्वेसुद्धा अजून दहा वर्षं लांब आहे, म्हणून हा सगळा पांढरा माल बैलांच्याच खांद्यावर निघालाय. चाकातलं वंगण, ओलं शेण, कुठल्या तरी चुलीवर भाजली जाणारी ज्वारीची भाकर, सगळे वास एकदम नाकात शिरतात. कॅम्पाकडून बिगुल ऐकू येतो. चिखलदऱ्याच्या बाजूने उतरलेली थंडी कानाच्या पाळ्यांना चावते आहे.

थोडं पुढे या, लाकडाच्या अड्ड्यापाशी. आरामशीन नाही, माणसंच आहेत. मेळघाटातून आलेला सागाचा ओंडका उंचावर टेकवलाय, एक जण त्याच्यावर उभा, दुसरा खाली, मधे लांबलचक करवत. खर्र वर, खर्र खाली. खालच्या माणसाच्या मिशा आणि पापण्या भुशाने पिवळ्या झाल्यात. त्यातला मूठभर भुसा उचला, हुंगा. जिथे मी तुम्हाला नेणार आहे तिथे लाकूड वेगळं असेल, पण लाकडाची पारख तुमच्या हातात लहानपणापासून आहे आणि ती उपयोगी पडणार आहे. कापसाचीही. वऱ्हाडातल्या माणसाला सूत बोटांत धरलं की कळतं.

आज सोमवार, 14 तारीख. रात्र होऊ द्या, गाड्या सुटू द्या, शेकोट्या विझू द्या. मध्यरात्र उलटली की निघू. परतवाड्यात मंगळवार लागलेला असेल आणि जगाच्या पार दुसऱ्या टोकाला याच सोमवारची दुपार अजून शिल्लक असेल.

उतरलात? डोळे चोळू नका, वाळू आहे. दातांत कचकच होईल, कॉलरमधून पाठीत जाईल, जोडे दर दहा पावलांनी झाडावे लागतील. हा अमेरिकेचा पूर्व किनारा, उत्तर कॅरोलिना राज्यातली समुद्रात घुसलेली वाळूची चिंचोळी पट्टी. जवळचं गाव किटी हॉक, चार मैलांवर. इथे मात्र गाव नाही, शेत नाही, सावली नाही. एका बाजूला अटलांटिक सतत गरजतोय आणि समोर शंभर फुटी वाळूची टेकडी उभी आहे, किल डेव्हिल. ऊन लख्ख आहे, पण त्यात ऊब नावालाही नाही.

त्या दोन लाकडी खोपटांकडे चला. धूर येतोय ना? आत दोन भाऊ राहतात, विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. थोरला 36 वर्षांचा, धाकटा 32 चा. डेटन शहरात सायकलचं दुकान आहे त्यांचं. सायकली बनवतात, विकतात, दुरुस्त करतात. या वाळवंटातही दोघांच्या गळ्यात टाय आणि ताठ कॉलर आहे. तुम्ही आपले शर्टाची बाही नाकाला पुसत उभे, आणि हे दोघं जणू गिऱ्हाईक येण्याच्या वेळेला दुकानात उभे आहेत.

आत वाकून पाहा. कार्बाइडच्या जुन्या डब्याची शेगडी केलीय. सुरुवातीला तिने इतका धूर ओकला की छताला काजळी लोंबायला लागली आणि जेवायला बसलं की ताटात काळे कण पडायचे. थंडीचं माप ते पांघरुणांत मोजतात: आजची रात्र तीन ब्लँकेटची, कालची पाचाची, त्याहून कडक असली तर वर गोधड्या, शेकोटी आणि गरम पाण्याचा जग. सप्टेंबरपासून असेच राहताहेत. वादळात छपराचा कागद उडाला, प्रोपेलरच्या दांड्या चिरल्या, नव्या दांड्या करून आणायला ऑर्व्हिल रेल्वेने थेट घरी डेटनला गेला आणि आत्ता तीन दिवसांपूर्वी परतला. दांडीवरचं दातेरी चाक सारखं ढिलं व्हायचं. तेव्हा कामी आलं ते सायकलच्या दुकानातलं टायर चिकटवायचं सिमेंट. दांडी तापवायची, आट्यांत ते वितळवून सोडायचं, आणि चाक पुन्हा आवळायचं. आपल्या पंक्चरवाल्याकडे सुलोचनाची ट्यूब असते, ती तुम्हाला इथे नक्की आठवेल.

काल रविवार होता. वारा असता तरी त्यांनी यंत्राला हात लावला नसता. वडील धर्मोपदेशक आहेत, बिशप, आणि रविवारी काम करायचं नाही हा घरचा दंडक दोघं इथेही पाळतात. काल वाचत बसले, किनाऱ्यावर फिरले. जीवरक्षक ठाण्यावरचा एक जण बायको-पोरांना घेऊन यंत्र बघायला येऊन गेला.

आता यंत्र. जवळ जा, हात लावा, कुणी ओरडणार नाही. लाकूड स्प्रूसचं आहे, सरळ रेघांचं, गाठ नसलेलं, सागाच्या मानाने अगदी हलकं. जिथे वाक हवा तिथे ॲश, चिवट लाकूड. ही निवड आंधळी नाही हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडचा सुतारही बैलगाडीला कुठे साग लावायचा आणि कुठे तिवस, कुठे धावडा, हे बघूनच लावतो. पंख 40 फुटांहून थोडे लांब, एकावर एक दोन. त्यांच्यावर ताणून बसवलंय ते कापड अंगठा आणि तर्जनीत धरा. सुती आहे! बारीक विणीचं, न धुतलेलं, कोरं मलमल. वीण आडवी-उभी न ठेवता तिरपी लावलीय, म्हणजे कापडच चौकटीला ताण देऊन घट्ट धरतं. परतवाड्याच्या रस्त्यावर गाड्यांतून जो कापूस पाहिलात त्याचा हा दूरचा भाऊबंद, आणि त्याच्यावर आज एक माणूस पोटावर झोपून हवेत जाणार आहे.

झोपून, कारण बसायला जागाच नाही. खालच्या पंखावर पालथं पडायचं, मान वर करून पुढे बघायचं. कमरेखाली एक लाकडी पाळणा, तो डावी-उजवीकडे सरकवला की पंखांची टोकं पिळतात आणि मागचं सुकाणू वळतं. डाव्या हातात एक दांडा, त्याने पुढे असलेलं आडवं सुकाणू वर-खाली होतं. माणसाच्या उजव्या अंगाला इंजिन: चार सिलिंडर, साधारण 12 अश्वशक्ती, त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मिस्त्रीने हाताने घडवलेलं. ते माणसापेक्षा जड, म्हणून उजवा पंख डाव्यापेक्षा चार इंच लांब ठेवलाय. इंजिनाची ताकद सायकलसारख्याच साखळ्यांनी मागच्या दोन लाकडी प्रोपेलरना जाते. चाकं नाहीत, खाली घसरायला दोन लांब लाकडी पाय.

मग धावायचं कशावर? वाळूत चाक रुततं, पाय घसरत नाही. म्हणून भावांनी धावपट्टीच बनवून आणलीय. लाकडी फळ्या उभ्या धारेवर, वरून पत्र्याची पट्टी, 15 फुटांचे चार तुकडे जोडून 60 फुटांचा एकच रूळ. त्याच्यावर एक आडवी फळी, सायकलच्या हबवर फिरणारी, आणि त्या फळीवर यंत्र टेकवायचं. सगळ्याचा खर्च चार डॉलर. एखाद्या मोठ्या रेल्वे कंपनीला शोभावं असं नावही त्यांनी या रुळाला दिलंय: ग्रँड जंक्शन रेलरोड. जगातली पहिली धावपट्टी तुम्ही उचलून खांद्यावर घेऊ शकता. घ्याच, कारण पुढचं काम तेच आहे.

आज वारा पडलेला आहे. सपाटीवरून उठायला समोरून जोराचा वारा लागतो, तो नाही, तर टेकडीच्या उताराचा वेग वापरायचा असं ठरलंय. खोपटाच्या भिंतीवर खूण लावली गेली आणि मैलभरावरच्या जीवरक्षक ठाण्यातून पाच माणसं आली: डॅनियल्स, वेस्टकॉट, बीचम, डाऊ आणि ज्याला सगळे बेनीकाका म्हणतात तो ओनील. रापलेली, रुंद पंजांची माणसं. रात्ररात्र किनाऱ्याने पायी गस्त घालायची आणि फुटलेल्या जहाजातली माणसं लाटांतून ओढून काढायची, हा त्यांचा रोजगार. मागोमाग दोन पोरं आणि एक कुत्रा. दोघा भावांसकट तुम्ही दहावे समजा स्वतःला, कुत्रा सोडून.

ओढा आता. यंत्राचं वजन पावणेतीनशे किलो. रूळ पुढे टाकायचा, यंत्र त्यावरून सरकवायचं, मागचा तुकडा उचलून परत पुढे. सपाटीवर जमतं. टेकडीच्या पायथ्याला आलं की पोटऱ्या पेटतात, घाम फुटतो आणि त्या घामावर वाळू बसते. चाळीस मिनिटं लागली. उतारावर दीडशे फूट वर चढवून रूळ खाली तोंड करून बसवला. श्वास घ्या. समुद्र इथून मोठा दिसतो.

इंजिन चालू करायला दोघं दोन प्रोपेलरना लोंबकळतात आणि एकदम फिरवतात. आता कानांवर हात ठेवा. सायलेन्सर नाही, धूर आणि आवाज सरळ बाहेर. फाट फाट फाट! पायाखालची वाळू थरथरते, कापडाचा ताशा होतो, तापलेल्या तेलाचा आणि पेट्रोलचा वास घशात बसतो. ती दोन पोरं कुठायत? टेकडीच्या पलीकडे, पळताहेत. कुत्रा त्यांच्याही पुढे.

पहिला कोण, हे नाणं उडवून ठरलंय. विल्बरचं नशीब. तो पालथा पडला, कमर पाळण्यात बसवली. ऑर्व्हिल एका पंखाशी उभा, एका हातात स्टॉपवॉच, तोल सांभाळायला पंखासोबत पळणार. यंत्र मागे तारेने बांधून धरलंय. पण उतार आणि इंजिन दोन्ही मिळून इतकं खेचताहेत की तारेची कडीच सुटेना. मागे ढकला! सगळ्यांनी मिळून दोन-चार इंच मागे रेटलं. तळहातात लाकडाची कड रुतते. ऑर्व्हिल दुसऱ्या टोकाच्या माणसाला सोडायची खूण करतोय, स्वतः अजून तयार नाही, आणि तेवढ्यात यंत्र सुटलं.

ऑर्व्हिलने हाताला आला तो खांब धरला आणि धावला. तुम्हीही धावताय. वाळूत पाय मागेच राहतात. तिसऱ्या तुकड्यावर पोहोचेस्तोवर वेग इतका झाला की ऑर्व्हिलचा हात सुटला. यंत्राने रूळ सोडला. बघा! खाली फट दिसतेय, यंत्राच्या आणि वाळूच्या मधे निळं दिसतंय!

आणि इथे मला तुमची मान धरून तुमची नजर त्या डाव्या हाताकडे वळवायची आहे, कारण पुढचं सगळं त्या एका दांड्यावर घडलं. नवी बैलजोडी जुंपलेल्या गाडीवर पहिल्यांदा बसलेला माणूस कासरा जरा जास्तच ओढतो, तसा विल्बरने दांडा ओढला. पूर्वी त्याने टेकडीवरून बिनइंजिनाची शेकडो उड्डाणं केली होती, पण हे यंत्र कितीतरी जड, आणि त्याचं पुढचं सुकाणू फार हळवं. नाक वर गेलं. आणखी वर गेलं. पंख समोरच्या हवेला फार तिरपा झाला की त्याच्या पाठीवरून सरळ वाहणारी हवा तुटते, गोल गोल फिरायला लागते, आणि पंखाला उचलून धरणारं बळच नाहीसं होतं. इंजिन ओरडत असतं तरी. वेग मेला. यंत्र साधारण 15 फुटांवर क्षणभर अडखळलं, आणि खाली यायला लागलं.

डावं टोक आधी टेकलं. यंत्र त्या टोकाभोवती गरकन फिरलं, लाकडी पाय वाळूत घुसले, कडाड! एक पाय मोडला, पुढच्या सुकाणूचा आधार मोडला, आणखी दोन-तीन काड्या. वाळूचा लोट उठला. मग इंजिन थांबलं आणि पुन्हा समुद्र ऐकू आला.

धावत जा. विल्बर तसाच पालथा आहे, टोपी डोक्यावर, खरचटलंही नसेल. ऑर्व्हिलच्या हातातल्या घड्याळात साडेतीन सेकंद. रुळाच्या टोकापासून 105 फूट. त्याच अवस्थेत फोटोही घेतला गेला, तो आजही बघता येतो: वाळूत बसलेलं यंत्र, मोडकी पुढची चौकट आणि त्यात पडलेला माणूस. राइट बंधूंच्या इंजिनावर चालणाऱ्या विमानाचा हा पहिला दिवस, आणि तो अपघाताचा आहे, उड्डाण घेतानाचा. पुढे विमानाच्या धंद्यातली माणसं शिकली की जमीन सोडण्याचा क्षण सगळ्यात नाजूक: वेग कमी, उंची कमी, चूक सावरायला खाली जागाच नाही. विल्बरला तो धडा साडेतीन सेकंदांत मिळाला, आणि खाली वाळू होती म्हणून स्वस्तात मिळाला.

तुम्हाला वाटेल, आता दोघं खचतील. मला या सगळ्या गोष्टीत सर्वात आवडतो तो हाच तास. उताराचा वेग मिळाला होता, निघाल्या जागेपेक्षा खाली जाऊन टेकलं होतं, म्हणून हे उड्डाण धरायचंच नाही, असं त्यांनी स्वतःहून ठरवलं. साक्षीला पाच माणसं होती, फोटो होता. आणखी कुणी असतं तर गावभर तार केली असती. त्याच वेळी त्या साडेतीन सेकंदांतून त्यांनी जे हवं ते उचललं: इंजिनाची ताकद पुरते, सुटायची रीत चालते, सुकाणू हाताला जरुरीपेक्षा जास्त ऐकतं. घरी वडिलांना कळवलं की यश आता नक्की आहे, आणि कुठे बोलू नका.

टेकडीवरून मोडकं यंत्र खाली आणायलाही तुमचे हात लागतील. ते ओझं चढवतानापेक्षा हलकं वाटतं.

मंगळवार. खोपटात रंधा चालतोय. मला वाटतं, परतवाड्याच्या माणसाला इथे खरी करमणूक आहे. मोडलेला तुकडा बाजूला ठेवायचा, त्याच्या मापाचं लाकूड बघायचं, रेघ सरळ आहे का ते उजेडाकडे धरून पाहायचं, तासायचं, जुळवायचं, फट राहिली की पुन्हा तासायचं. दोघं फारसं बोलत नाहीत. बोलतात तेव्हा वाद घालतात. इतका कडाडून की कधी कधी दोघांनी आपापली बाजू बदलून टाकलेली असते आणि वाद तसाच चालू राहतो. दुपारी डब्यातलं अन्न, गरम कॉफी. शेगडी आता बरी जळते. स्प्रूसच्या ढलप्यांचा वास सागापेक्षा कोवळा, थोडा गोडसर. तुम्ही नुसते बघत उभे राहणार नाही, मला ठाऊक आहे; फळी धरायला पुढे व्हाल.

बुधवारी दुपारपर्यंत यंत्र दुरुस्त झालं आणि सपाटीवर रुळावर बसवून दोघं वाऱ्याची वाट बघायला लागले. एक अनोळखी वाटसरू आला. हे काय आहे? उडायचं यंत्र. उडवणार का? हो, जोगता वारा मिळाला की. तो बिचारा बराच वेळ सगळीकडून बघत राहिला आणि म्हणाला, जोगता वारा मिळाला तर उडेलही हे. दोघा भावांना हसू आवरेना. काही आठवड्यांपूर्वी इथे झालेलं वादळ त्या माणसाच्या डोळ्यांसमोर होतं, असं त्यांना वाटलं.

गुरुवारी सकाळी उठलात तर डबक्यांवर बर्फाचा पापुद्रा. वारा उत्तरेकडून, इतका की डोळ्यांतून पाणी काढतो. दोघं थोडा वेळ आत बसून राहिले, वारा उतरेल म्हणून. तो उतरेना, तेव्हा दहाच्या सुमाराला खूण लावली. या वेळी टेकडी नको. रूळ खोपटापासून शंभरेक फुटांवर सपाट वाळूत टाकायचा आहे. बोटं बधिर होतात. दर थोड्या वेळाने आत जाऊन शेगडीवर हात धरावे लागतात. डॅनियल्स आलाय, डाऊ आलाय, एथरिज आलाय, जॉनी मूर नावाचा एक पोरगा आलाय. आणि हा पाचवा, ब्रिंकली? हा मँटिओचा लाकडाचा व्यापारी. एक जहाज किनाऱ्याला लागून फुटलंय, त्याचं लाकूड बघायला आला होता. त्याच्या शेजारी उभे राहा. भावताव विचारायला तुमची जीभ वळवळेल, पण आत्ता नको.

विल्बरची पाळी सोमवारी झाली. आज ऑर्व्हिल झोपलाय पंखावर. त्याआधी दोघं भाऊ बाजूला जाऊन काहीतरी बोलले, आणि त्यांनी एकमेकांचा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही, असं डॅनियल्स पुढे आयुष्यभर सांगत राहिला. आता विल्बर आपल्याकडे येतोय. तुमचे चेहरे असे पडलेले का, म्हणतोय. हसा, ओरडा, टाळ्या वाजवा, ऑर्व्हिलला जोर येऊ द्या.

ऐकलंत ना? इंजिन तापलंय. तार सुटते आहे. विल्बर पंखाचं टोक धरून पळायला लागला. बोटं गारठली असली तरी वाजवा टाळ्या, आणि तुमच्या वऱ्हाडी गळ्यातून येईल तेवढ्या जोराने ओरडा: उडव रे भाऊ, उडव!